साडेदहाचं भूत

रायगड जिल्ह्यातल्या बोर्ली पंचतनमध्ये रात्रीचे साडेदहा म्हणजे चांगलीच रात्र. बाजारपेठेतली शटरं केव्हाच खाली आलेली असतात. दिवेआगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुपारीच्या वाड्यांचा काळोख दाटलेला असतो, आणि पावसाळा असला तर वीज कधी दगा देईल याचा नेम नसतो. अशा गावात भुताची मालिका अंगावर यायला फार काही लागत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तीही नेमकी साडेदहाची वेळ धरून. मुंबईतल्या बिऱ्हाडात मालिका संपली की माणूस दिवा मालवून पडतो. कोकणातल्या जुन्या घरात मालिका संपल्यावर मागच्या दारी जायचं बाकी असतं, आणि तिथे फणसाचं झाड उभं असतं.

ती मालिका आज पुन्हा पाहिली, तर त्या झाडाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ओटीवर बसलेल्या माणसाची. पुढची सगळी पानं या एका बदलाभोवती फिरतात.

ज्यांनी मालिका पाहिली नाही (असे कमीच असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावी नाईकांचा वाडा. घरातले कर्ते अण्णा नाईक मालिकेच्या सुरुवातीलाच मरतात आणि मुलं, सुना, लेक वाड्यात जमतात. मग मागे राहिलेल्या गोष्टी एकेक करून वर येऊ लागतात. हे पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६मध्ये संपलं. जानेवारी २०१९मध्ये दुसरं पर्व आलं ते काळाच्या उलट दिशेने: अण्णा जिवंत, अण्णा तरणेबांड, आणि त्यांच्या आयुष्यात शेवंता. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ही जोडी अशी काही उभी केली की मालिकेचं भूत मागे पडलं आणि प्रेमप्रकरण पुढे आलं. तिसरं पर्व मार्च २०२१ ते एप्रिल २०२२ चाललं. त्यात अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं होऊन वाड्यात नांदत होती. म्हणजे मेलेल्या माणसाच्या भीतीने सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत दोन मेलेल्यांच्या संसारावर येऊन ठेपली.

मराठीत भूतकथेची परंपरा भक्कम आहे, पण ती बहुतेक करून ब्रह्मचारी आहे. नारायण धारपांच्या कथांत अघोरी शक्ती असतात, त्यांना आवर घालणारे समर्थ असतात, पण प्रेम फारसं नसतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत नवराबायको असतात आणि बऱ्याचदा त्यांच्यातला एकच शेवटपर्यंत टिकतो. वेंगुर्ल्याच्या मातीतले चिं. त्र्यं. खानोलकर ‘कोंडुरा’ आणि ‘रात्र काळी घागर काळी’मध्ये वासना आणि अतींद्रिय यांची गाठ मारतात, पण ती गाठ वाचकाला सुखाने झोपू देत नाही. भुताखेतांच्या गोष्टीत रमणीय शृंगार मिसळून तो रोज रात्री घराघरात पोचवणं हे काम टीव्हीने केलं. मालिकेचं नावसुद्धा एका गाण्याच्या ओळखीवर आलं. १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातलं सुधीर मोघे आणि हृदयनाथ मंगेशकर यांचं ते गाणं आधीच लोकांच्या ओठांवर होतं. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांच्या त्या चित्रपटातही भीती आणि प्रेम एकाच घरात राहत होती.

दुसरं पर्व लोकांनी का डोक्यावर घेतलं, हे आज नाक मुरडून सांगण्यात अर्थ नाही. मालिका चांगली बांधलेली होती. वाड्याची ओटी, माजघर, विहीर, पडवी, झाडांखालचा पालापाचोळा हे सारं खरं होतं, कारण चित्रीकरण आकेरीतल्या खऱ्या वाड्यात होत होतं. पुढे लोक सावंतवाडी-कुडाळच्या वाटेवर गाडी थांबवून ‘अण्णांचा वाडा’ पाहायला जाऊ लागले. वाड्यातला गडी पांडू, त्याचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही होते, त्यामुळे संवादांत पुस्तकी कोकण नव्हतं. पांडूचं ‘इसारलंय’ घरोघरी गेलं. शिवाय अण्णांची बायको, शकुंतला नरे यांची माई होती. तिच्या नुसत्या उभं राहण्यात चाळीस वर्षांचा संसार दिसायचा. त्या काळच्या इतर मालिकांत सासवा जरतारी नेसून स्वयंपाकघरात वावरत होत्या, हे आठवलं की माईच्या साध्या लुगड्याची किंमत कळते.

आणि भाषा. मालवणीने महाराष्ट्राला आधी हसवलं होतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८०मध्ये रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ही बोली राज्यभर नेली. त्यानंतर मालवणी म्हणजे विनोद हे समीकरणच पक्कं झालं. ‘रात्रीस खेळ चाले’ने त्याच बोलीत भीती घातली, शृंगार घातला, कपट घातलं. ती सगळ्यांना कळेल इतकी सौम्य केलेली मालवणी होती, तरी तिच्यात धार होती. हे श्रेय काढून घेता येणार नाही.

बोर्ली पंचतनला मात्र ही भाषासुद्धा परकीच. आकेरी आणि बोर्ली दोन्ही ‘कोकणात’, पण मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा. बोर्लीचा मुलूख १९४८पर्यंत जंजिरा संस्थानचा, सिद्दी नवाबांच्या अमलाखालचा. इथे कोकणी मुसलमानांची घरं आहेत, कोळी आहेत, आगरी आहेत, कुणबी आहेत, आगरांतली ब्राह्मण घरं आहेत, आणि प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळी वळणं आहेत. ‘खय चललंस’ इथे कुणी विचारत नाही. तरीही पुण्याहून दिवेआगरला आलेला पर्यटक घरगुती खाणावळीत बसून यजमानाला मालवणी ऐकवू लागतो आणि वर विचारतो, ‘इथे पण भुतं असतात का हो?’ टीव्हीने कोकणाचा एकच साचा केला: कौलारू वाडा, मालवणी हेल, गजऱ्यातली बाई, मागच्या दारी भूत. मालिका सुरू होताच खुद्द सिंधुदुर्गातून विरोध झाला होता, की यात कोकणाची बदनामी आहे आणि अंधश्रद्धेला खतपाणी आहे. तेव्हा अनेकांना तो विरोध हळवेपणाचा वाटला. आज तो निम्मा तरी बरोबर वाटतो, पण वेगळ्या कारणासाठी. मालिकेतली भुतं कोकणाची बदनामी करत नाहीत. ती कोकणातल्या भुतांना ओळखतच नाहीत.

कोकणातल्या भुतांची पद्धतशीर नोंद शंभर वर्षांपूर्वी झाली आहे, आणि तिची कथा एखाद्या मालिकेला शोभेल अशी आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा गोरा सनदी अधिकारी लोकसमजुती गोळा करत असे. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या जात, मास्तर उत्तरं धाडत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, तेव्हा तो तिथे ‘शारदा’ नाटक पाहायला आला होता. गोविंद बल्लाळ देवलांचं ते नाटक म्हणजे कोवळ्या मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याची गोष्ट. जॅक्सनने मागे ठेवलेली टिपणं पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५मध्ये ‘फोकलोर ऑफ द कोंकण’ म्हणून छापली. त्यात कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांचीही उत्तरं आहेत.

त्या यादीत मुंजा आहे, समंध आहे, खवीस आहे, वेताळ, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, चकवा, बायंगी असे सगळे हजर आहेत. पण लक्ष वेधून घेतात त्या बाया. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली. लावसट म्हणजे विधवा. अळवंत किंवा हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली. आसरा पाण्यातल्या. बाई मेली तरी तिची जात ठरते ती नवऱ्यावरून आणि कुशीवरून. कोण होती, काय बोलायची, कशावर चिडायची, याची दखल भूतविद्येला घ्यावीशी वाटली नाही. पुरुषांचं तसं नाही. मुंजा मौंजीनंतर लग्नाआधी गेलेला, ही अट सोडली तर पुरुषाच्या भुताचा जीव बहुतेकदा इच्छेत नाहीतर मालमत्तेत अडकलेला असतो. समंध हे त्याचं ठळक उदाहरण. ज्याचा जीव धनात राहिला आणि ज्याच्यामागे नीट करणारं कुणी उरलं नाही, तो समंध होऊन आपला ठेवा कुणाला भोगू देत नाही, असं कोकणात सांगतात.

या चाळणीतून शेवंता काढून पाहावी. कागदावर ती कुमुदिनी पाटणकर, गावाच्या तोंडी शेवंता. लग्न एकाशी, नाव जोडलं गेलं दुसऱ्याशी, आणि तो दुसरा स्वतः संसारी. जखीण म्हणावं तर नवरा कोणता? लावसट म्हणावं तर कुणाच्या मागे राहिलेली? मास्तरांच्या उत्तरांत तिच्यासाठी खणच नाही. मालिकेची खरी झेप इथे होती: तिने एका बाईचं भूत तिच्या स्वतःच्या नावाने उभं केलं. लोक ‘हडळ आली’ म्हणत नव्हते, ‘शेवंता आली’ म्हणत होते. २०१९मध्ये हे कुणी मोजलं नाही, कारण सगळे गजऱ्याकडे पाहत होते. कॅमेराही गजऱ्याकडेच पाहत होता.

पुन्हा पाहताना पहिला खटका इथे बसतो. दुसऱ्या पर्वात कॅमेरा शेवंतावर अण्णांच्या डोळ्यांनी रेंगाळतो. ती दारात उभी राहते, पदर सरकतो, संगीत वाजतं, आणि ओटीवरून अण्णा पाहतात. त्या वेळी प्रेक्षक कुठे बसलेला असतो? अण्णांच्या शेजारी, त्याच ओटीवर. माई पाहते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे वळतो, तिच्या नजरेतून पाहत नाही. ही युक्ती एकदा कळली की मग दर भागात दिसत राहते, आणि मालिका आधीसारखी गोड लागत नाही.

दुसरा खटका मोठा आहे. अण्णा नाईक हा माणूस काय आहे, हे मालिकेने कधी लपवलं नव्हतं. तो जमीनदार आहे, बायकोला मारतो, हाताखालच्या माणसांना चिरडतो, वाटेत येणाऱ्याचा काटा काढतो. लेखकांनी हे सगळं दाखवलं. प्रेक्षकांनी ते पाहिलं आणि तरी अण्णांचा ‘रुबाब’ आवडून घेतला. त्यांच्या बोलण्याच्या नकला झाल्या, फोनवर विनोदी चित्रं फिरली, आणि अण्णा-शेवंता ही प्रेमाची जोडी ठरली. ज्या नात्यात एकाकडे जमीन, पैसा, लाठी आणि गावाचं भय आहे, आणि दुसरीकडे नुसतं रूप, त्याला प्रेम म्हणायला शब्दकोश बराच सैल करावा लागतो. माधव अभ्यंकरांनी काम इतकं चांगलं केलं की माणूस ओळखू येईनासा झाला. हा दोष नटाचा नव्हे.

असा खटका फक्त मराठी प्रेक्षकाला बसलेला नाही. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही चार कादंबऱ्यांची मालिका २००५ ते २००८ या काळात आली आणि जगभरच्या मुलींनी ती उशाशी ठेवली. नायक रक्तपिपासू, नायिका शाळकरी. तो तिच्या नकळत तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना पाहत बसतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. त्याच वाचक तिशीला आल्या आणि त्यांनी पुस्तकं पुन्हा उघडली, तेव्हा हे प्रसंग त्यांना पाठलागाचे वाटले. कादंबरीत अमेरिकेतल्या क्विल्यूट या खऱ्या आदिवासी समाजाला लांडगे करून टाकलं होतं. सिअॅटलच्या बर्क संग्रहालयाला त्या समाजाच्या सोबतीने खरं-खोटं वेगळं करून सांगणारा उपक्रम करावा लागला. कोकणातल्या वाचकाला ही तक्रार अनोळखी वाटायची नाही.

मायर यांनी मात्र एक गमतीचा प्रयोग केला. पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५मध्ये, त्यांनी तीच कथा नायक-नायिकेची अदलाबदल करून लिहिली: मुलगा साधा, मुलगी रक्तपिपासू. नायिका म्हणजे वाचवून घेणारी अबला, या टीकेला त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. असाच खेळ आकेरीत करून पाहावा. वाडा बाईचा, जमीन बाईची, घरात मुकाट सोसणारा नवरा, आणि ओटीवर बसून ती गावातल्या एका देखण्या गरीब पुरुषाकडे पाहते आहे. पुढे तिने दोन-चार माणसं संपवली. तिला कुणी ‘रुबाबदार’ म्हणेल? पहिल्याच आठवड्यात ती हडळ ठरली असती, आणि शेवटच्या आठवड्यात मांत्रिकाच्या रिंगणात.

योगायोग असा की मायर यांनी नायकाच्या बाजूने लिहिलेलं ‘मिडनाइट सन’ बाजारात आलं ते ऑगस्ट २०२०मध्ये, आणि ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्वही त्याच महिन्यात संपलं. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणं थांबली होती, नवे भाग जुलैत सुरू झाले. मधल्या काळात बोर्ली पंचतनवर जे गुदरलं त्याची कुठल्याही पटकथेत सोय नव्हती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं. घरांची कौलं आणि पत्रे उडाले, नारळ मोडले, पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा ही इथली नावाजलेली सुपारी, आणि नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. शेवंताच्या गोष्टीचा शेवट जवळ येत असताना इथल्या कित्येक घरांत लोक पत्रे, पंचनामे आणि भरपाईच्या रांगा यांत बुडालेले होते. भुताची मालिका साडेदहाला लागते हे तेव्हा कुणाच्या ध्यानात असेल, असं वाटत नाही.

रात्री घडलेली खरी भयकथाही या किनाऱ्याला माहीत आहे. १९९३च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर हत्यारं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं, आणि १२ मार्चला बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. दिघी आणि शेखाडी या दोन्ही गावांना बोर्लीची बाजारपेठ जवळची. त्या रात्री किनाऱ्यावर जी हालचाल होती ती हाडामांसाच्या माणसांची होती. इथल्या माणसाने अंधाराला घाबरायचं ठरवलं तर त्याला हडळीची मदत घ्यावी लागत नाही.

पहिल्या पर्वाकडे वळलं की मात्र नवल वाटतं. २०१६मध्ये ते संथ, कोड्यात टाकणारं आणि शेवटी चुटपुट लावणारं म्हणून अनेकांनी सोडून दिलं होतं. आज तेच जास्त प्रामाणिक दिसतं. अण्णा नाहीत. त्यांचा फोटो आहे, त्यांनी करून ठेवलेले उपद्व्याप आहेत, आणि ते निस्तरणारी पोरं आहेत. विज्ञानाची भाषा बोलणारी सून नीलिमा आहे. वारसांचे हेवेदावे आहेत. सुषमा आहे, अण्णा आणि शेवंताची मुलगी. कोकणातलं कुठलंही जुनं घर घ्या, आकेरीतलं नाहीतर बोर्लीतलं, त्याची भयकथा हीच असते: सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली सहा मुंबईत, एक दुबईत, दोन बोलत नाहीत, आणि घराला कुलूप. गणपतीला दार उघडतं तेव्हा आत वाळवी असते. अशा घराबद्दल पाच वर्षांत आपोआप भुताची वदंता उठते. ती उठवण्यात एखाद्या वारसाचा फायदाही असतो, कारण झपाटलेल्या घराला गिऱ्हाईक येत नाही.

भुताच्या गोष्टीच्या तळाशी जमीन असते, हे रायगडाला वेगळं सांगायला नको. याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, आणि १ एप्रिल १९५७ला कुळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढवली. अण्णा नाईक हे पात्र या इतिहासाच्या उरल्यासुरल्या सावलीत उभं आहे. त्याचा दरारा, बायांवर हक्क असल्यासारखं वागणं, माणसं नाहीशी झाली तरी कुणी न विचारणं, हे सगळं जमिनीतून येतं. दुसऱ्या पर्वाने ही जमीन नेपथ्य म्हणून वापरली आणि पुढे शृंगार मांडला. जुन्या भाषेत बोलायचं तर अण्णा हा समंध आहे, आणि शेवंताही त्याच्या ठेव्यातली एक वस्तू आहे. प्रेक्षकांना वाटलं, तो तिच्यासाठी परत येतो. तो मालकी सांगायला परत येतो.

सुषमाचं काय, हा प्रश्न मालिकेने विचारला आणि धसमुसळेपणाने हाताळला. कायद्याच्या चौकटीत अण्णांच्या वारसांत तिचं नाव येणं अवघडच, कारण तिच्या आईचं आणि अण्णांचं लग्न झालेलं नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि लेकीला मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला, पण तो घरच्या लेकीला. शेवंताला मेल्यावर वाड्यात शिरता येतं. तिच्या जित्या मुलीला सातबाऱ्यावर शिरता येत नाही. ही गोष्ट कुणी तिसऱ्या पर्वासाठी लिहिली असती तर मालिका मराठी टीव्हीच्या इतिहासात वेगळ्या पानावर गेली असती.

प्रत्यक्षात तिसरं पर्व थकलेलं आहे. भुतं रोज दिसू लागली की शेजारी होतात. अण्णा-शेवंताची भुतं वाड्यात वावरताना भीती कमी आणि करमणूक जास्त होते. मध्येच शेवंताची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. मालिकांत असं होत असतं, पण इथे ते मनाला टोचतं: शेवंताचा चेहरा बदलला तरी भूत चालू राहिलं, अण्णा मात्र माधव अभ्यंकरच राहिले.

मग अंधश्रद्धेच्या आरोपाचं काय करायचं? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भुताची मालिका दाखवणं हा या कायद्याने गुन्हा नाही आणि नसावाही. नाहीतर धारप-मतकरींची पुस्तकंही उचलावी लागतील. पण या कायद्याच्या अनुसूचीतलं एक कलम या विषयात वाचण्यासारखं आहे. आपल्या अंगी अलौकिक शक्ती आहे असं भासवून किंवा समोरची व्यक्ती गेल्या जन्मी आपली पत्नी, पती किंवा प्रेयसी होती असं सांगून तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणं, हा तिथे गुन्हा आहे. म्हणजे जन्मोजन्मीच्या प्रेमाची जी कल्पना पडद्यावर रम्य दिसते, तिचा खऱ्या गावात काय उपयोग केला जातो, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर बायकांच्या तक्रारी होत्या.

हेच कोडं २०२४च्या ‘मुंज्या’तही दिसतं. आदित्य सरपोतदार यांच्या त्या हिंदी चित्रपटात कोकणातला एक मुलगा, हव्या त्या मुलीशी लग्न झालं नाही म्हणून, मुंजा होऊन पिढ्यान्‌पिढ्या तिचा हट्ट धरतो. प्रेक्षागृहं हसली, मुलांना तो मुंजा आवडला. पण त्या चित्रपटाने निदान भुताच्या हट्टाला हट्ट म्हटलं, त्याला विरहाचं संगीत लावलं नाही. आठ वर्षांत एवढा फरक पडला असेल तर तो थोडा नाही.

पुढच्या पानांत तिन्ही पर्वं भागांच्या क्रमाने पाहिली आहेत. मालिकेवर प्रेम केलेल्यांनी ती पाहिली आहे, हे वाचताना कळेल: अण्णांना दोष देतानाही त्यांच्या संवादफेकीची दाद सुटलेली नाही, आणि माईबद्दल लिहिताना हात हळू झाला आहे. कुणाला यात आपल्या आवडत्या मालिकेची चिरफाड वाटेल. तिथे मतभेद राहू द्यावेत.

एक विनंती मात्र आहे. मालिका पुन्हा पाहायला बसणारे बहुतेक लोक सरळ दुसऱ्या पर्वापासून, शेवंतापासून सुरुवात करतात, कारण गोष्ट काळाच्या ओघात तिथे सुरू होते. तसं करू नये. पहिल्या पर्वापासून, अण्णांच्या मरणापासून सुरुवात करावी. घरातल्या माणसांचे चेहरे आधी नीट पाहून घ्यावेत, कोण रडतं आणि कोण रडत नाही ते ध्यानात ठेवावं, आणि मगच ओटीवरच्या तरण्याबांड अण्णांकडे वळावं.